दोन शून्यांतला फरक : छोट्या मोटारींच्या सुरक्षिततेची तुलना

मोटार विकत घेताना आपण काय काय पाहतो? किंमत पाहतो, ॲव्हरेज विचारतो, दार लावून त्याचा आवाज ऐकतो. शेवटी बॉनेटवर बोटांनी टकटक करतो आणि 'पत्रा जाड आहे, गाडी दणकट आहे' किंवा 'हा तर डबड्याचा पत्रा' असा निकाल देऊन मोकळे होतो. सुरक्षिततेची परीक्षा तेवढ्यात आटोपते.

आम्ही राहतो ती मांजरी सोलापूर रस्त्याला लागून आहे. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या या गावात पहिली चारचाकी घेणारी घरे पुष्कळ, आणि ती चारचाकी बहुधा छोटीच असते. या छोट्या मोटारी ज्या रस्त्यावर उतरतात, तिथे कंटेनर असतात, एस.टी. असतात, हंगामात उसाच्या ट्रॉल्याही असतात. त्यामुळे एकाच किमतीच्या दोन छोट्या मोटारींपैकी अधिक सुरक्षित कोणती, हा प्रश्न इथे जिवाचा आहे. हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारायला माणसाला बराच काळ लागला. त्याचे उत्तर देण्याची पद्धत कशी घडत गेली, त्याचा हा इतिहास.

जाड पत्र्याची समजूत

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळापासून आपल्याकडे समज आहे की, धडक बसल्यावर जी गाडी कमी चेमटते ती चांगली. वरवर पाहता हे पटते. पण धडकेत जपायचे काय, गाडी की माणूस?

ताशी ६४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १७.८ मीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळते आहे असे समजा. मुक्तपणे पडणारी वस्तू एवढा वेग सुमारे १६ मीटर पडल्यावर गाठते. म्हणजे पट्टा न लावता या वेगाने आदळणे हे पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्यासारखे आहे. मोटार थांबली तरी आतला माणूस न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि स्टिअरिंग किंवा डॅशबोर्डवर आदळतो. तिथे त्याची छाती १० सेंटिमीटर अंतरात थांबली, तर तिला गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १६० पट मंदन सोसावे लागते. तोच माणूस ६० सेंटिमीटर अंतरात थांबला, तर हा आकडा सुमारे २७ पटींवर येतो. पहिल्यात वाचणे कठीण, दुसऱ्यात शक्य. वेग तोच आहे, फरक आहे तो फक्त थांबायला मिळालेल्या अंतरात.

हे अंतर मिळणार कुठून? मोटारीचे नाक चुरगळल्यामुळे. म्हणजे गाडीचा पुढचा भाग चेमटणे हा दोष नसून ती गरज आहे. मात्र माणसे बसतात तो भाग अजिबात चेमटता कामा नये.

२००९ मध्ये अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठी काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने याचे एक बोलके प्रात्यक्षिक केले. १९५९ सालची शेवरले बेल एअर आणि २००९ सालची शेवरले मालिबू यांची समोरासमोर धडक घडवली. दोन्हींचा वेग ताशी ६४ किलोमीटर होता. जुनी गाडी लांबलचक, जाड पत्र्याची. धडकेत तिचा माणसे बसण्याचा भागच कोसळला. तिच्या चालकाच्या जागी माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीच्या चालकाला पायाच्या दुखापतीवर भागले असते.

द्राक्षाची पेटी आणि माणूस

या विचाराची सुरुवात मोटारीतून नव्हे, विमानातून झाली. ह्यू डी हेवन हा अमेरिकन तरुण १९१७ मध्ये लष्करी वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना विमान अपघातात सापडला आणि गंभीर जखमी होऊन वाचला. आपण का वाचलो, आणि पोटातली इजा पट्ट्याच्या बकलामुळे झाली की काय, हे प्रश्न त्याला सोडेनात. पुढे त्याने उंचावरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास केला. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात ५० ते १५० फुटांवरून पडून वाचलेल्यांच्या हकिगती आहेत. ही माणसे वाचली, कारण ती जिथे पडली तो पृष्ठभाग काही इंच दबला होता, आणि आघात शरीराच्या मोठ्या भागावर विभागला गेला होता.

यातून डी हेवनने माल बांधण्याच्या शास्त्राशी तुलना केली. मांजरीकरांना ती सांगायला नको. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथेच आहे आणि द्राक्षे कशी भरतात हे इथल्या पोरांनाही ठाऊक असते. पेटी मोडता कामा नये, आत मऊ अस्तर हवे, आणि घड पेटीत हलता कामा नये. मोटारीच्या भाषेत सांगायचे तर मजबूत कोठी, एअरबॅग आणि पट्टा. या तिन्हींपैकी एक जरी नसले तरी माल खराब होतो.

पुढच्या वीस वर्षांत यांतले मजबूत कोठी आणि पट्टा हे भाग आकाराला आले. मर्सिडीज-बेंझमधील अभियंता बेला बारेनी याने चुरगळणारे नाक आणि भक्कम मधली कोठी या कल्पनेचा एकस्व हक्क १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मिळवला, आणि १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष मोटारीत आली. त्याच वर्षी व्होल्व्होने निल्स बोलिन याचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा बाजारात आणला. बोलिन त्याआधी लढाऊ विमानांतील बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांवर काम करत असे. व्होल्व्होने हा पट्टा इतर उत्पादकांनाही वापरू दिला. या दरम्यान अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप याने स्वतःलाच अग्निबाणाच्या घसरगाडीला बांधून घेतले होते. १९५४ मध्ये ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगावरून तो दीड सेकंदाच्या आत थांबला आणि गुरुत्वाच्या ४६ पट मंदन सोसून जिवंत राहिला. नीट बांधलेले शरीर किती सोसू शकते, ते त्यामुळे कळले.

तुलना करायची कशी?

तंत्र माहीत झाले म्हणून ते प्रत्येक मोटारीत आले असे नाही. ग्राहकाला ते दिसत नव्हते, त्यामुळे तो त्याचे पैसे द्यायला तयार नव्हता. १९६६ मध्ये अमेरिकेत मोटार सुरक्षेचा कायदा झाला. पण कायदा फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगतो. ३५ गुण मिळवणारा आणि ९५ गुण मिळवणारा हे दोघेही 'पास'. मग पालकाने फरक ओळखायचा कसा?

यावर तोडगा म्हणून अमेरिकी सरकारने १९७८ मध्ये नवी योजना आखली. कायद्यातील धडक ताशी ४८ किलोमीटरची होती. या योजनेत ताशी ५६ किलोमीटर वेगाने मोटारी भिंतीवर आदळवायच्या आणि निकाल जाहीर करायचे ठरले. १९७९ पासून चाचण्या सुरू झाल्या. सुरुवातीला निकाल आकड्यांच्या तक्त्यात असत. सामान्य माणसाला समजणारे तारे १९९३ मध्ये आले.

यासाठी लागणारा बाहुला हाही संशोधनाचा मोठा विषय आहे. जनरल मोटर्सने १९७६ मध्ये तयार केलेल्या 'हायब्रिड-तीन' या बाहुल्याचे वंशज आजही वापरात आहेत. त्याच्या डोक्यात, मानेत, छातीत आणि मांड्यांत मोजणी करणारी उपकरणे असतात. बरगड्या २२ मिलिमीटरपेक्षा कमी दबल्या तर छातीचे पूर्ण गुण, ५० मिलिमीटरपेक्षा अधिक दबल्या तर शून्य, अशी ही गुणपद्धती आहे.

युरोपात १९९७ मध्ये 'युरो एनकॅप' ही योजना सुरू झाली. तिची पहिली परीक्षा छोट्या मोटारींचीच होती. धडक ताशी ६४ किलोमीटरची ठेवली, आणि तीही पूर्ण नाकावर नव्हे, तर चालकाच्या बाजूच्या ४० टक्के रुंदीवर. समोर ॲल्युमिनियमचा, मधाच्या पोळ्यासारखा दबणारा अडथळा होता. समोरून येणारे वाहन चुकवताना होणाऱ्या अपघाताचे हे अनुकरण. ५६ ऐवजी ६४ म्हणजे वेग सातवा हिस्सा वाढला, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती जवळजवळ एकतृतीयांशाने वाढली.

निकाल धक्कादायक होते. फोक्सवॅगन पोलो आणि फोर्ड फिएस्टा यांना चारपैकी तीन तारे मिळाले, तर रोव्हर १०० या मोटारीला एकच. एकाच आकाराच्या मोटारींत एवढा फरक असू शकतो हे लोकांना प्रथमच दिसले. चार तारे मिळवणे अशक्य आहे, असे तेव्हा उत्पादकांकडून सांगितले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये व्होल्व्हो एस ४० ने ते मिळवले. रोव्हर १०० चे उत्पादन वर्षअखेरीस थांबले. २००१ मध्ये रेनॉ लागुनाला पाच तारे मिळाले. कायदा न बदलता केवळ निकाल जाहीर केल्याने झालेला हा बदल होता.

भारतातील पाच मोटारी

आपल्याकडे मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि छोटी मोटार मध्यमवर्गाची झाली. वाहनांची तपासणी आणि संशोधन करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. पण नव्या मोटारीने धडकेची चाचणी उत्तीर्ण झालीच पाहिजे असा नियम मात्र अनेक दशके नव्हता.

३१ जानेवारी २०१४ रोजी 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या मोटारींचे निकाल जाहीर केले. मारुती ऑल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. सर्व मोटारी सर्वांत स्वस्त प्रकारातील, म्हणजे एअरबॅग नसलेल्या. ताशी ६४ किलोमीटरच्या धडकेत मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले!

वर्तमानपत्रांनी 'सगळ्या नापास' असे मथळे दिले. पण अहवाल नीट वाचला तर त्यात दोन प्रकारची शून्ये आहेत. आपल्या लेखाचा खरा विषय इथे येतो.

त्यांतल्या दोनच मोटारी घेऊ, आय-टेन आणि पोलो. आय-टेनमध्ये माणसे बसण्याची कोठीच डळमळली. ऑल्टो आणि नॅनो यांचेही तेच. कोठी आत दबली की स्टिअरिंग आणि पायाकडचा भाग माणसावर येतो; मग थांबायला अंतरच उरत नाही. अशा गाडीत नुसती एअरबॅग बसवून फारसा उपयोग होणार नाही, असा अहवालाचा निष्कर्ष होता. पेटीच मोडली तर आतले अस्तर काय करणार?

पोलोचे आणि फिगोचे तसे नव्हते. तिथे कोठी जागच्या जागी राहिली. तरी शून्य का? कारण एअरबॅग नसल्याने चालकाचे डोके आणि छाती यांना होणारी इजा प्राणघातक ठरण्याइतकी होती. पेटी शाबूत, पण अस्तर नाही. म्हणून संस्थेने दोन एअरबॅग असलेली पोलो पुन्हा तपासली. ती मिळाली चार ताऱ्यांची! त्या वेळी चाकणला तयार होणाऱ्या या मोटारीचा एअरबॅग नसलेला प्रकार कंपनीने लगेच बंद केला.

म्हणजे एका शून्याला उपाय होता तो एअरबॅग बसवण्याचा, आणि दुसऱ्या शून्याला उपाय होता मोटारीचा सांगाडाच नव्याने आखण्याचा. वर्गात दोन मुलांना शून्य गुण मिळाले, त्यातल्या एकाला विषयच समजला नव्हता आणि दुसऱ्याने पेन आणले नव्हते, तर शिक्षक दोघांना एकच उपाय सांगणार नाहीत. तसेच हे.

नंतरच्या चाचण्यांनी याची दुसरी बाजूही दाखवली. २०१८ मध्ये भारतात बनलेल्या मारुती स्विफ्टची चाचणी झाली. तिच्यात दोन एअरबॅग होत्या, पण कोठी अस्थिर ठरली आणि दोनच तारे मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात पुणे जिल्ह्यातील रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतीय बाजारातील मोटारीला या चाचणीत मिळालेले हे पहिले पाच तारे. एअरबॅगांची संख्या मोजून सुरक्षितता ठरत नाही, हे या दोन निकालांवरून कळते.

२०१४ च्या निकालांवर वाहन उद्योगाचा आक्षेप असा होता की, या मोटारी भारतातील तेव्हाच्या नियमांत बसतात आणि ही चाचणी कायद्यातील वेगाहून अधिक वेगाची आहे. यातले पहिले विधान खरेच होते, कारण नियमच अपुरे होते. पुढे ते बदलले. ताशी ५६ किलोमीटरची समोरची धडक आणि बाजूने होणारी धडक या चाचण्या ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना सक्तीच्या झाल्या. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आवश्यक झाली. शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून लागू झाली, आणि जुन्या मॉडेलांना २०२१ अखेरची मुदत मिळाली. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची तारे देणारी योजना सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुती डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. ज्या कंपनीच्या छोट्या मोटारींना दहा वर्षांपूर्वी शून्य मिळाले होते, तिचीच ही मोटार. तीही एक छोटीच मोटार आहे.

तारे वाचताना

हे तारे वाचायचे तर तीन-चार गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

पहिली, वर्ष पाहावे. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये नियम कडक केले आणि बाजूची धडक, गाडी घसरू न देणारी यंत्रणा, पादचाऱ्यांचे संरक्षण यांचाही विचार सुरू केला. त्यामुळे २०१८ चे चार तारे आणि २०२४ चे चार तारे सारखे नाहीत. दुसरी, प्रकार पाहावा. निकाल ज्या प्रकाराचा आहे तोच आपण घेतो आहोत का? पोलोच्या उदाहरणावरून याचे महत्त्व कळते.

तिसरी, वजन. अडथळ्यावर आदळणारी मोटार साधारणतः स्वतःएवढ्याच वजनाच्या मोटारीशी धडकल्यासारखी असते. म्हणून तुलना आपल्या वर्गातल्या मोटारींशीच करता येते. ८०० किलोची आणि १६०० किलोची अशा दोन मोटारी प्रत्येकी ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर भिडून एकत्र अडकल्या, तर संवेगाच्या अक्षय्यतेनुसार दोन्ही मिळून जड मोटारीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातील. जड मोटारीचा वेग ३३ ने बदलला, हलकीचा ६७ ने! सोलापूर रस्त्यावरच्या कंटेनरपुढे तर छोट्या मोटारीचे तारे फारच अपुरे पडतात. तिथे अंतर आणि वेग हेच संरक्षण.

चौथी गोष्ट पट्ट्याची. सगळे तारे बाहुल्याने पट्टा लावला आहे असे धरून दिलेले असतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मोटार महागडी, सुरक्षिततेच्या सर्व साधनांनी सज्ज होती. पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, आणि ते दोघेही दगावले. त्याच २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ जण पट्टा न लावलेले होते. मागच्या सीटवर पट्टा कशाला, असे म्हणणाऱ्याला न्यूटनचा पहिला नियम मागच्या सीटलाही लागू आहे, एवढे सांगावे.

वर्गात करून पाहा

हा सगळा विषय नववीच्या गतिविषयक नियमांबरोबर शिकवता येईल. एक फळी विटांवर तिरपी ठेवा आणि खाली एक वीट आडवी ठेवा. चाके लावलेल्या तीन सारख्या गाड्या करा. पहिलीत लाकडी डबी आणि पुढे काहीच नाही. दुसरीत तीच लाकडी डबी, पण पुढे कागदाची नळी चिकटवलेली. तिसरीत पुढे कागदाची नळी, पण डबीही पातळ कागदाचीच. वजन सारखे राहील असे पाहा. प्रत्येकीत मऊ मातीचा बाहुला बसवा. एकदा मोकळा, एकदा रबरबँडने बांधलेला. एकाच उंचीवरून सोडा आणि बाहुल्याच्या मातीला पडलेले खळगे पाहा. कोणत्या गाडीत रबरबँडने बाहुला वाचला आणि कोणत्या गाडीत तोही उपयोगी पडला नाही, याची नोंद मुलांनी करावी. मग फळीची उंची दुप्पट करून पुन्हा पाहावे. दोन शून्यांतला फरक मुलांना व्याख्यानाशिवाय कळेल.

एक गोष्ट मात्र त्यांना आवर्जून सांगावी. २०२२ मधील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि जवळजवळ एकपंचमांश पादचारी होते. मोटारीचे तारे प्रामुख्याने मोटारीत बसलेल्यांसाठी असतात. आपल्या शाळेतली बरीचशी मुले पायी, सायकलवर किंवा पालकांच्या स्कूटरवर येतात. त्यांच्यासाठी लागणारे पदपथ, वेगाला आळा आणि हेल्मेट यांची मागणी वेगळी करावी लागेल. मोटारीबाबत मात्र ग्राहकाने विचारायचे प्रश्न आता साधे आहेत. कोठी स्थिर राहिली का? हाच प्रकार तपासला होता का? कोणत्या वर्षी? शाळेच्या पालकसभेत हे तीन प्रश्न फळ्यावर लिहून द्यायला हरकत नाही. आणि घरी जाताना मागच्या सीटवरच्या पाहुण्यांनाही पट्टा लावायला सांगावे.